सात विशेषणे आणि साल एकही नाही: माहितीफलक लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
लेणी, गड, मंदिरे आणि संग्रहालये येथील मराठी माहितीफलकांचा मजकूर लिहिणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे सर्व जण

स.न.वि.वि.

‘हे प्राचीन व पुरातन मंदिर पांडवकालीन असून हजारो वर्षांपूर्वी हेमाडपंती शैलीत बांधलेले पौराणिक व ऐतिहासिक स्थळ आहे.’

हे वाक्य अमुक एका फलकावरचे नाही, नमुना म्हणून आम्हीच जुळवले आहे. पण महाराष्ट्रात चार ठिकाणी फिरलेल्या माणसाला ते पाठ असल्यासारखे वाटेल. जुनेपण सांगणारे सात शब्द त्यात आहेत आणि साल एकही नाही. शिवाय त्या सातांपैकी काही एकमेकांना खोटे पाडतात, कारण पांडवांनी बांधलेले मंदिर तेराव्या शतकातल्या हेमाडपंताच्या नावे कसे लागेल, हा प्रश्न फलक वाचणारे शाळकरी पोरही विचारू शकते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जुनेपणाचा प्रत्येक शब्द काहीतरी ठाम विधान करतो. कोणी काळ सांगतो, कोणी क्रम, कोणी नुसती अवस्था, तर कोणी फक्त आदर. म्हणून फलकावर आधी काळ लिहा आणि मग त्या काळाला बसेल असा शब्द निवडा. काळ ठाऊक नसेल तर तसे लिहा, विशेषणांनी ती जागा बुजवू नका.

सर्वांत जास्त राबवला जाणारा शब्द ‘प्राचीन’. तो ‘प्राच्’पासून आला. प्राच् म्हणजे समोरचा, आधीचा. उगवतीकडे तोंड करून उभे राहिले की समोर येते ती प्राची आणि उजव्या हाताला दक्षिण. त्याच्या उलट ‘अर्वाच्’, म्हणजे आपल्याकडे वळलेला, अलीकडचा; त्यावरून अर्वाचीन. ही जोडी मुळात सापेक्ष आहे. इतिहासलेखनात मात्र ‘प्राचीन’ हे एका कालखंडाचे नाव झाले, प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन या क्रमातले पहिले. महाराष्ट्रापुरते ढोबळ बोलायचे तर सातवाहनांपासून यादवांच्या अस्तापर्यंतचा काळ त्यात धरतात. बारीक विभागणी करणारे अभ्यासक आठव्या शतकातल्या वेरूळच्या कैलास लेण्याला ‘पूर्वमध्ययुगीन’ म्हणतील. दोन्ही चालते. एकाच संग्रहालयाच्या दोन दालनांत दोन्ही मात्र चालत नाही, म्हणून कोणती विभागणी पाळणार ते एकदा ठरवून कागदावर ठेवा.

सतराव्या शतकातला गड कुठल्याच हिशेबाने प्राचीन होत नाही. तो शिवकालीन, किंवा मध्ययुगीन. शिवनेरीसारख्या ठिकाणी तर शब्द जपून वापरावा लागतो. त्याच डोंगराच्या कातळात सातवाहन काळाच्या आसपासची बौद्ध लेणी आहेत आणि वर गडाची मध्ययुगीन तटबंदी. लेणी प्राचीन, तट मध्ययुगीन, शिवजन्म १६३० चा. ‘प्राचीन शिवनेरी किल्ला’ या तीन शब्दांत तिन्ही गोष्टींचा काला होतो.

यात कायद्याची भाषा आणखी भर घालते, ती तुमच्या टेबलावर रोज असते. १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे ‘प्राचीन स्मारक’ ठरायला किमान १०० वर्षे पुरतात. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ‘पुरावस्तू’लाही १०० वर्षे, आणि हस्तलिखिताला ७५. राज्यातल्या नागरी भागांतील झाडांच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तिच्यानुसार ५० वर्षांचे झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरते. म्हणजे पन्नाशीतला गुलमोहरही प्राचीन आणि बावीसशे वर्षांचे भाजे लेणेही प्राचीन! संरक्षण मिळावे म्हणून कायद्याने आखलेली ही रेघ आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. पण ती रेघ फाइलीत शोभते. १९१० सालचे भिंतीवरचे घड्याळ कायद्याने पुरावस्तू ठरू शकेल; त्याखालच्या चिठ्ठीवर ‘प्राचीन घड्याळ’ लिहिले की ते हास्यास्पद होते. तिथे ‘१९१० चे घड्याळ’ पुरे.

‘पुरातन’ची बनावट सोपी आहे, पुरा अधिक तन. ‘तन’ हा प्रत्यय कालवाचक अव्ययाला लागतो. अद्य म्हणजे आज, त्यापासून अद्यतन. चिरम् पासून चिरंतन. सना म्हणजे सदैव, त्यापासून सनातन. तेव्हा पुरातन म्हणजे ‘पूर्वीचा’, इतकेच. किती पूर्वीचा, हे तो शब्द सांगत नाही. ललित लेखनात तो छान वाटतो, वटवृक्षाला तर शोभूनच दिसतो. पण फलकावर ‘प्राचीन व पुरातन’ अशी जोडी लावल्याने वाचणाऱ्याच्या पदरात काही जास्त पडत नाही. याउलट नुसता ‘पुरा’ फार कामाचा आहे: पुरातत्त्व, पुरावस्तू, पुराभिलेख, पुराजीवशास्त्र, पुराश्मयुग. हे ठरलेले, नेमक्या अर्थाचे शब्द आहेत, ते बिनधास्त वापरा. एवढे बघा की ‘पुरोगामी’, ‘पुरस्कार’ यांतला ‘पुरस्’ वेगळा. त्याचा अर्थ समोर, पुढे. दिसायला भाऊ, पण पुरातन मागे बघतो आणि पुरोगामी पुढे जातो.

सनातन, चिरंतन आणि शाश्वत हे जुनेपणाचे शब्दच नव्हेत. जे संपलेले नाही, चालूच आहे, त्याचे ते शब्द. पडक्या वाड्याला ‘चिरंतन वास्तू’ म्हणणे ही त्या वाड्याची थट्टा आहे.

आता ‘पौराणिक’. ‘पुराण’ हे संस्कृतात साधे विशेषण होते. शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काने त्याची फोड ‘पुरा नवं भवति’ अशी दिली आहे: जे एके काळी नवे होते ते पुराण. पुढे तो शब्द एका ग्रंथप्रकाराचे नाव झाला आणि त्याला ‘इक’ लागून झालेला ‘पौराणिक’ त्या ग्रंथांपुरताच उरला. पौराणिक कथा असते, पौराणिक पात्र असते. पौराणिक दगड नसतो. स्थळाशी पुराणातली कथा जोडलेली असेल तर ‘या स्थळाची कथा अमुक पुराणात येते’ असे लिहा, आणि ते पुराण खरोखर उघडून पाहिल्यावरच लिहा. (जाता जाता: ‘पुराणातली वांगी पुराणात’ या म्हणीतली वांगी मूळची ‘वानगी’ म्हणजे नमुना, उदाहरण. तिथेही ऐकीव शब्दाने मूळ शब्दाला खाल्लेच.)

‘जुना’ हा शब्द फलकांवरून जवळजवळ हद्दपार झाला आहे, याचे आम्हाला खरे वाईट वाटते. त्याच्याइतका प्रामाणिक शब्द दुसरा नाही. संस्कृत जॄ म्हणजे झिजणे, विरणे, पचणे. त्यापासून जीर्ण आणि जूर्ण, प्राकृतात जुण्ण, मराठीत जुना. जरा आणि जर्जर याच घरातले. न पचलेले अन्न ते ‘अजीर्ण’, तेही याच घरातले. जुन्नर हे नावही ‘जीर्णनगर’वरून आल्याचे सांगितले जाते. या घराण्यातल्या प्रत्येक शब्दाची जागा मराठीत पक्की आहे. ‘जुना’ निव्वळ वय सांगतो आणि प्रसंगी कौतुकही करतो, जसा जुना तांदूळ किंवा जुनाजाणता माणूस. ‘जुनाट’मधला ‘ट’ तेलकट, काळपट यांतल्यासारखा नाक मुरडतो. जुनाट खोकला असतो, जुनाट विचार असतात. जुनाट शिल्प म्हणू नये. आणि ‘जीर्ण’ सांगतो अवस्था, वय नव्हे. चाळीस वर्षांची इमारत जीर्ण असू शकते आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे कार्ल्याचे चैत्यगृह आजही जीर्ण नाही. ‘जीर्ण मूर्ती’ असे लिहिलेत तर वाचणारा ती पडायला आलेली आहे असेच समजणार, आणि लांब उभा राहील.

यातून निघालेला ‘जीर्णोद्धार’ सर्वाधिक घोटाळा करतो. जीर्णोद्धारात बहुधा जुनी वास्तू काढून त्याच जागी नवी उभी राहते. त्र्यंबकेश्वर पाहा. तीर्थस्थान फार आधीपासूनचे, आजचे मंदिर मात्र नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात बांधायला घेतलेले. ‘प्राचीन मंदिर’ म्हटले की वाचणारा समोरच्या शिखराकडे बघून ते हजार-दोन हजार वर्षांचे समजतो. म्हणून दोन ओळी वेगळ्या हव्यात, एक स्थानाची आणि एक वास्तूची. ‘तीर्थस्थान प्राचीन; सध्याचे मंदिर पेशवेकालीन, १८ वे शतक.’ असे लिहिल्याने कोणाची श्रद्धा दुखावत नाही. बांधणाऱ्याला त्याचे श्रेय मिळते.

‘आद्य’ आणि ‘आदिम’ यांची अदलाबदल तर अक्षम्य आहे. आद्य म्हणजे क्रमाने पहिला, आणि त्यात आदर आहे. बाळशास्त्री जांभेकर आद्य मराठी पत्रकार, कारण ‘दर्पण’ १८३२ चे. १८३२ हे साल काही प्राचीन नाही. वासुदेव बळवंत फडके आद्य क्रांतिकारक. ‘आद्य’ लिहिताना ‘कशातला पहिला’ हे सांगावेच लागते, नाहीतर तो शब्द लोंबकळत राहतो. ‘आदिम’चा अर्थही मुळात ‘सुरुवातीचा’ असाच, पण वापरात त्याला ‘अविकसित’ अशी छटा चिकटली आणि ती आता निघणार नाही. म्हणून जिवंत माणसांना आणि त्यांच्या चालू कलेला तो लावू नका. वारली चित्रे ‘आदिम कला’ नव्हेत. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ती आजही काढली जातात. त्यांना ‘पूर्वापार चालत आलेली’ म्हणा. पूर्वापार हा शब्द नेमका त्यासाठीच आहे, तेव्हाही आणि आताही. सरकारी कागदांत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांना ‘आदिम जमाती’ म्हणतात. केंद्राने इंग्रजी संज्ञा २००६ मध्येच बदलून ‘विशेष असुरक्षित’ अशा अर्थाची केली. मराठी फलकावर तरी नुसते जमातीचे नाव लिहावे, तेवढ्याने भागते.

‘प्रागैतिहासिक’ची कसोटी एकच, लिखाण. ज्या काळाचा लेखी पुरावा नाही तो प्रागैतिहासिक. लिपी आहे पण ती वाचता येत नाही, जसे हडप्पा संस्कृतीचे, तर तो आद्यैतिहासिक. वाचता येणारे लेख मिळू लागले की ऐतिहासिक. तेव्हा भुईकोटावरच्या फलकातला ‘ऐतिहासिक किल्ला’ म्हणजे काहीच न सांगणे. दुसरा कुठला असणार? पण ‘लिखाण नाही’ याचा अर्थ ‘रानटी’ असा नाही. शिरूर तालुक्यातले घोड नदीकाठचे इनामगाव घ्या. १९६८ पासून दीड दशक डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले. वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. तिथले लोक शेती करत, तांबे वापरत, घरे आखून बांधत आणि मुलांचे दफन दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात करत. अशा वस्तीतल्या माणसांना ‘आदिमानव’ म्हणणे म्हणजे लाखो वर्षांचे अंतर पुसून टाकणे. त्यांच्यासाठी तयार शब्द आहे: ताम्रपाषाणयुगीन शेतकरी. तसेच दगडी हत्यारांच्या दालनात नुसते ‘अश्मयुगीन’ लिहून थांबू नका. पुराश्म, मध्याश्म, नवाश्म यांतले कोणते ते लिहा. हातकुऱ्हाड आणि नखाएवढे सूक्ष्मास्त्र एकाच कपाटात, एकाच शब्दाखाली ठेवले तर त्या दोघांमधला काळ वाचणाऱ्याला कळायचा कसा?

‘कालीन’ हा प्रत्यय उत्तम आहे, मात्र त्याच्या आधीचे नाव इतिहासात सापडायला हवे. सातवाहनकालीन, यादवकालीन, पेशवेकालीन हे शब्द साल माहीत नसलेल्यालाही दिशा देतात. ‘पांडवकालीन’ देत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी आणि नहपानाचा जावई उषवदात यांची नावे दगडात कोरलेली आहेत आणि डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी, तेही त्याच लेखांत आहे. एवढा लेखी पुरावा भिंतीवर असताना फलकाने ‘पांडवकालीन’ म्हणावे? लोकांच्या तोंडचे नाव मात्र बदलू नका. ‘पांडवलेणी’ हे नाव म्हणून राहू द्या, काळ म्हणून नको. ‘हेमाडपंती’चेही तसेच. हेमाद्री म्हणजेच हेमाडपंत हा यादवांच्या दरबारातला श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचा. चुना न वापरता दगडात दगड अडकवून केलेल्या बांधणीला लोक हेमाडपंती म्हणतात. त्या अर्थाने वापरायचा तर ‘हेमाडपंती बांधणी’ लिहा आणि शेजारी खरा काळ द्या.

अलीकडे ‘अभिजात’ही या रांगेत घुसू लागला आहे. मराठीला तो दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला आणि त्याच्या निकषांत दीड-दोन हजार वर्षे जुन्या साहित्याची अट आहे, म्हणून अनेकांना अभिजात म्हणजे अतिप्राचीन वाटते. अभिजात म्हणजे कुलीन, उच्च दर्जाचा. वयाशी त्याचा संबंध नाही.

हिशेबाकडे वळू, कारण शब्द बरोबर असूनही आकड्यात पाय घसरतो. ‘हजारो’ म्हणजे निदान दोन-तीन हजार. अंबरनाथचे मंदिर अजून हजार वर्षांचेही झालेले नाही. त्याला ‘हजारो वर्षांपूर्वीचे’ म्हणता येत नाही, ‘सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वीचे’ म्हणता येते. पण तेही टाळावे. ‘इतक्या वर्षांपूर्वी’ हा मजकूर रंगवल्या दिवसापासून चुकायला लागतो. १९९० साली ‘२५० वर्षांपूर्वी’ लिहिलेला फलक अजून २५० च म्हणतो आहे. शतक किंवा साल लिहा, ते शिळे होत नाही.

इ.स.पू. दुसरे शतक म्हणजे इ.स.पू. २०० ते १०१; तिथे आकडे उतरत येतात. शून्य साल नसते, म्हणून इ.स.पू. १०० ते इ.स. १०० यांत १९९ वर्षे होतात, २०० नव्हे. ‘पू.’ गळाले तर लेणे एका फटक्यात तीन-चारशे वर्षांनी तरुण होते, आणि ही चूक टंकनात सर्रास होते. मुद्रित तपासताना फक्त यासाठी एक वेगळी फेरी करा. शकाचे साल इसवीत न्यायचे तर ७८ मिळवा. मात्र शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून तिथी जानेवारी ते मार्च यांत पडत असेल तर ७९. महिना ठाऊक नसेल तर ‘शके ९८२ (इ.स. १०६०–६१)’ असे दोन्ही द्या.

वय कशावरून ठरले तेही दोन शब्दांत यायला हवे: शिलालेख, नाणे, शैली, की प्रयोगशाळेतली चाचणी. कार्बन पद्धत लाकूड, कोळसा, धान्य, हाड अशा एके काळी जिवंत असलेल्या पदार्थांनाच लागू पडते आणि साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच पोचते. दगडी मूर्तीचे किंवा लेण्याचे ‘कार्बन डेटिंग झाले’ असे कोणी सांगितले तर कशाचे झाले ते विचारा. त्या अहवालांत ‘आजपासून इतकी वर्षे पूर्वी’ असे असते, त्यातला ‘आज’ म्हणजे १९५० साल. तो आकडा जसाच्या तसा उचलू नका. लोणारच्या विवराचे वय आधी उष्मादीप्ती (थर्मोल्युमिनेसन्स) पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे सांगितले जाई. २०१० मध्ये आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५,७०,००० निघाले. ज्या बेसाल्टमध्ये ते पडले तो तर सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. ‘प्राचीन सरोवर’ या शब्दांत या तीन आकड्यांपैकी कोणता आहे? तिथे पद्धत आणि वर्ष लिहिले तर उद्या आकडा बदलला तरी फलक खोटा ठरत नाही.

काळ माहीतच नसेल तेव्हाही शब्द आहेत. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण उघड्या कातळावरच्या रेषेचे वय थेट मोजणे अवघड. ‘प्रागैतिहासिक मानली जातात, काळ निश्चित झालेला नाही’ असे लिहिल्याने कशेळीच्या त्या भल्यामोठ्या हत्तीचा रुबाब रतीभरही कमी होत नाही.

सुरुवातीच्या नमुन्यातले मंदिर अंबरनाथचे आहे असे धरले, तर आमच्या मते फलक असा असावा:

‘अंबरनाथ शिवमंदिर. शके ९८२ (इ.स. १०६०–६१), शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळातील. आधार: मंदिरातील शिलालेख. शिखराची शैली: भूमिज. पांडवांनी एका रात्रीत बांधले अशी लोककथा आहे.’

पंचवीस-तीस शब्द झाले. जुनेपणाचे विशेषण एकही नाही, आणि जुनेपण पुरेपूर आहे.

रंगाऱ्याकडे किंवा कोरणाऱ्याकडे मजकूर जाण्याआधी एवढी अक्षरे डोळ्यांत तेल घालून पाहा. ‘पुरातत्त्व’मध्ये दोन त आणि एक व, कारण तत् अधिक त्व, पुरुषत्वात मात्र एकच त. ‘जीर्णोद्धार’मध्ये द्ध, म्हणजे द ला ध, कोरताना तो उलटा होऊन ‘ध्द’ होतो. ‘प्रागैतिहासिक’मध्ये ग ला दोन मात्रा, ‘प्रागऐतिहासिक’ नको. ‘आदिमानव’, ‘आदिम’, ‘अनादिकाल’ यांत दि ऱ्हस्व; ‘आदी’, ‘अनादी’ सुटे आले तर दीर्घ. ‘ताम्रपाषाणयुगीन’ आणि ‘सातवाहनकालीन’ एकच शब्द आहेत. ओळीत मावत नाहीत म्हणून मध्ये तोडले तर जोडरेघ द्या, नाहीतर ‘कालीन’ दुसऱ्या ओळीवर एकटाच उभा राहतो.

उभे असलेले सगळे फलक उखडून नवे लावा, असे आमचे म्हणणे नाही. खर्चाची अडचण आम्हाला समजते. सध्याच्या फलकाखाली काळ, आधार आणि तपासणीचे वर्ष अशी तीन ओळींची पट्टी लावली तरी पुष्कळ काम होईल. मोठा फलक पुढे कधीतरी बदलेल तेव्हा त्या पट्टीवरूनच नवा मजकूर लिहिता येईल.

कळावे,
आपले,
मराठी मुद्रितशोधनाचे आणि पुरातत्त्वाचे काही अभ्यासक